हत्ती न पाहता घडवलेले हत्ती

लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये पांढऱ्याशुभ्र पोर्सेलिनच्या हत्तींची एक जोडी आहे. जपानमधल्या आरिता गावी, काकिएमोन शैलीत (काकिएमोन या कुंभार घराण्याची, पांढऱ्यावर रंगीत नक्षीची शैली), साधारण 1660 ते 1690च्या दरम्यान ती घडली. घडवणाऱ्याने उभ्या आयुष्यात हत्ती पाहिला नसावा. या हत्तींचे डोळे तर चक्क माणसासारखे आहेत! पण मला खरं नवल वाटतं ते हे हत्ती भट्टीतून धड बाहेर आले याचं.

आरिताजवळच्या इझुमियामा डोंगरातल्या दगडात क्वार्ट्‌झ आणि सेरिसाइट नावाचं अभ्रक एकत्रच असतं. हा दगड कुटून भिजवला की वळणारी माती मिळते. सुमारे 1300 अंशांना अभ्रकातलं पोटॅशियम वितळायला मदत करतं, मातीत काच तयार होते आणि छिद्रं बुजतात. मात्र त्याच वेळी मूर्ती आकसते, मऊ पडते, स्वतःच्याच वजनाने खचू शकते. भरीव हत्ती तर त्याआधीच तडकला असता, कारण जाड मातीत अडकलेल्या पाण्याची वाफ होते. म्हणून अशा मूर्ती साच्यात दाबून, अर्ध्या-अर्ध्या जोडून पोकळ करत आणि आतली हवा निघायला भोक ठेवत.

रंगांचा मामला आणखी नाजूक. कोबाल्टचा निळा रंग मोठी आच सोसतो, त्यामुळे तो झिलईखाली, म्हणजे वरच्या काचेसारख्या थराखाली चालतो. लाल रंग म्हणजे अगदी बारीक वाटलेला लोहाचा ऑक्साइड. प्रखर आचेत तो झिलईत विरघळून पिवळट-तपकिरी होतो. म्हणून तो झिलईवर लावून, छोट्या भट्टीत 800 अंशांच्या आसपास पुन्हा भाजायचा. काकिएमोनचा तो प्रसन्न केशरी-लाल असा शेवटच्या, मंद आचेवर उमलतो.

चीनमध्ये 1644 साली मिंग राजवट कोसळली, तिथला माल आटला, आणि डच ईस्ट इंडिया कंपनी नागासाकीच्या देशिमा बेटावरून आरिताची भांडी नि मूर्ती युरोपला नेऊ लागली. इंग्लंडमधल्या बर्ली हाउस या हवेलीतल्या सामानाच्या 1688 सालच्या यादीत कुस्ती खेळणाऱ्या दोन पोरांची मूर्ती आहे. मूर्ती जपानी, नोंद मात्र ‘चायना’ अशी. आपणही असल्या प्रत्येक वस्तूला ‘चिनी माती’च म्हणतो, मग ती आरिताच्या डोंगरातली का असेना.