दोन्ही बाजू चिडल्या म्हणजे बातमी मधोमध असते का?

वृत्तसंपादकांच्या तोंडी एक ठरलेला बचाव असतो: सत्ताधारीही आमच्यावर चिडतात आणि विरोधकही चिडतात, त्याअर्थी आम्ही बरोबर मधोमध आहोत. सरकारी किंवा सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या प्रसारण संस्थांना तर हा बचाव फारच सोयीचा पडतो, आणि ऐकताना तो पटतोही. मात्र गेल्या सत्तर वर्षांत मानसशास्त्रज्ञांनी आणि माध्यमांच्या अभ्यासकांनी जे प्रयोग केले, त्यांच्यापुढे हा बचाव टिकत नाही. विशेष म्हणजे, ‘हे केंद्र एका पक्षाला विकले गेले आहे’ अशी जी खात्री श्रोत्याला वाटते, तीही त्याच प्रयोगांपुढे टिकत नाही.

यातला पहिला प्रयोग फुटबॉलचा आहे, त्यामुळे गोमंतकीय वाचकाला तो समजावून सांगण्याची फारशी गरज पडू नये. १९५१ च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेत प्रिन्स्टन आणि डार्टमथ या दोन महाविद्यालयांच्या संघांत एक सामना झाला. अमेरिकी फुटबॉल आपल्या फुटबॉलपेक्षा वेगळा आणि अधिक अंगावर येणारा असतो, हे खरे. पण हा सामना त्या मानानेही धसमुसळा झाला आणि प्रिन्स्टनच्या प्रमुख खेळाडूचे नाक मोडले. अल्बर्ट हॅस्टॉर्फ आणि हॅडली कँट्रिल या संशोधकांनी सामन्याचे चित्रण दोन्ही महाविद्यालयांच्या विद्यार्थ्यांना दाखवले आणि दिसेल तो नियमभंग टिपून ठेवायला सांगितले. चित्रण एकच होते. तरीही डार्टमथच्या खेळाडूंचे जितके नियमभंग डार्टमथच्या विद्यार्थ्यांना दिसले, त्यांच्या दुपटीहून अधिक प्रिन्स्टनच्या विद्यार्थ्यांना दिसले. फातोर्ड्याच्या मैदानावर धेंपो आणि साळगावकर यांचा सामना ज्याने समर्थकांच्या गर्दीत बसून पाहिला आहे, त्याला या निष्कर्षाचे आश्चर्य वाटणार नाही. पंच मात्र दोघांच्याही मते आंधळाच असतो.

बातम्यांच्या संदर्भात हाच प्रश्न १९८५ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातील रॉबर्ट व्हॅलोन, ली रॉस आणि मार्क लेपर यांनी हाताळला. १९८२ मध्ये बैरूतमधील साब्रा आणि शातिला या पॅलेस्टिनी निर्वासितांच्या छावण्यांत हत्याकांड झाले होते. त्याविषयी अमेरिकी दूरचित्रवाणीवर दाखवलेल्या बातम्यांचे तेच ते तुकडे या संशोधकांनी १४४ विद्यार्थ्यांपुढे ठेवले. इस्राएलच्या बाजूच्या विद्यार्थ्यांना त्या बातम्या इस्राएलविरोधी वाटल्या आणि अरबांच्या बाजूच्यांना त्याच बातम्या इस्राएलधार्जिण्या वाटल्या. ‘कोणतीही बाजू नसलेल्या माणसाचे मत या बातम्या पाहून आमच्याविरुद्ध जाईल’, अशी भीती दोन्ही गटांना वाटत होती. शिवाय ज्यांना विषयाची माहिती अधिक होती, त्यांना पक्षपातही अधिक दिसला. म्हणजे अज्ञानामुळे असे होते, हे सोपे स्पष्टीकरणही हाती राहिले नाही. या निष्कर्षाला ‘होस्टाइल मीडिया इफेक्ट’ असे नाव पडले. मराठीत त्याला ‘माध्यम वैरी भासणे’ म्हणता येईल.

असे का भासते, याची तीन कारणे संभवतात. आपल्याला बोचणारी वाक्ये अधिक लक्षात राहत असतील. किंवा लक्षात सारखेच राहूनही तेच वाक्य एकाला अनुकूल आणि दुसऱ्याला प्रतिकूल वाटत असेल. किंवा विरुद्ध बाजूचे म्हणणे मुळात बातमीत घेण्याच्या लायकीचेच वाटत नसेल. अमेरिकेत जनुकबदल केलेल्या अन्नाच्या वादावर २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या तिन्ही शक्यता तपासल्या गेल्या आणि दुसरी सर्वाधिक खरी ठरली. दोन्ही बाजूंच्या लोकांच्या लक्षात साधारण तेच राहिले होते. त्यांनी त्याची वर्गवारी मात्र वेगवेगळी केली होती.

त्याच वर्षीचा त्याच विषयावरचा आणखी एक अभ्यास सार्वजनिक प्रसारणाच्या दृष्टीने मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. अल्बर्ट गुंथर आणि कॅथलीन श्मिट यांनी एकच मजकूर काही जणांना वर्तमानपत्रातला लेख म्हणून दिला आणि काहींना विद्यार्थ्याने लिहिलेला निबंध म्हणून. वर्तमानपत्राचा म्हणून वाचणाऱ्यांना तो आपल्याविरुद्ध झुकलेला वाटला. निबंध म्हणून वाचणाऱ्यांच्या बाबतीत ही वैरभावना नाहीशी झाली. याचा अर्थ, संशय जागा होतो तो केवळ शब्दांमुळे नव्हे, तर ते शब्द किती दूर पोहोचणार आहेत या जाणिवेमुळे. शेजाऱ्याने पडवीत बसून म्हटलेले वाक्य आपण सहज सोडून देतो; तेच वाक्य पणजीच्या आकाशवाणी केंद्रावरून पेडण्यापासून काणकोणापर्यंत ऐकू जाणार असेल, तर ते आपण कान टवकारून ऐकतो.

भारतात या परिणामाला कायद्याचीही जोड मिळालेली आहे. खासगी एफएम वाहिन्यांना स्वतःच्या राजकीय बातम्या तयार करण्याची परवानगी नाही. त्यांना आकाशवाणीचे बातमीपत्र जसेच्या तसे ऐकवता येते, एवढेच. परिणामी गोव्यात रेडिओ लावणाऱ्या श्रोत्याला आकाशवाणीच्या बातमीशी ताडून पाहायला रेडिओवरच दुसरी बातमी मिळत नाही.

अर्थात संशय हा निव्वळ मनाचा खेळ आहे, असे म्हणून हात झटकता येणार नाहीत. १९७५ ते १९७७ या आणीबाणीच्या काळात आकाशवाणी आणि दूरदर्शन सरकारचे मुखपत्र झाले होते, ही इतिहासात नोंदलेली गोष्ट आहे. त्यानंतर बी. जी. वर्गीज यांच्या अध्यक्षतेखालील गटाने स्वायत्त न्यासाची शिफारस केली. आकाशवाणी आणि दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारतीचा कायदा व्हायला १९९० साल उजाडले, तो अमलात यायला १९९७, आणि आजही संस्थेचा मोठा खर्च केंद्र सरकारच्या अनुदानातून भागतो. पगार जिथून येतो तिकडे मान कलते, असे श्रोत्याला वाटले तर त्यात मानसिक विकार शोधण्याची आवश्यकता नाही.

गोव्याला तर एकमेकांविरुद्ध बोलणाऱ्या रेडिओंची जुनी ओळख आहे. पोर्तुगीज राजवटीत ‘एमिसोरा द गोवा’ हे सरकारी केंद्र बोलत असे, आणि २५ नोव्हेंबर १९५५ पासून सीमेपलीकडच्या जंगलातून वामन सरदेसाई व लिबिया लोबो यांचे गुप्त मुक्ती केंद्र त्याला उत्तर देत असे. डिसेंबर १९६१ मधील घटनेला आपण मुक्ती म्हणतो आणि लिस्बनने आक्रमण म्हटले. पुढे गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा की नाही, यासाठी १६ जानेवारी १९६७ ला झालेल्या जनमत कौलाच्या वेळी मराठी वाचकापुढे ‘गोमन्तक’ हे विलीनीकरणाच्या बाजूचे आणि ‘राष्ट्रमत’ हे विरोधातले, अशी दोन दैनिके होती. त्यांपैकी कोणाकडूनही तटस्थतेची अपेक्षा नव्हती. पत्र आपले की परके, एवढाच प्रश्न होता. तटस्थतेची मागणी झाली ती शासनयंत्रणेकडून, आणि म्हणून कौलापूर्वी विलीनीकरणाच्या बाजूचे बांदोडकर मंत्रिमंडळ पायउतार होऊन राष्ट्रपती राजवट आली. उघड बाजू घेणाऱ्याला पक्षपाताचा आरोप फारसा चिकटत नाही. तो चिकटतो तटस्थतेचे वचन देणाऱ्याला, आणि सार्वजनिक प्रसारकाला असे वचन दिल्यावाचून गत्यंतर नसते.

आता वर सांगितलेल्या बचावाकडे वळू. बातमी समतोल असली तरी दोन्ही बाजू तक्रार करतात, हे प्रयोगांनी दाखवले. मग बातमी एका बाजूला बऱ्यापैकी झुकलेली असली तरी, जिच्याकडे ती झुकली आहे ती बाजूही तक्रार करणे शक्य आहे, कारण तिला पुरेसे मिळाले असे तिला कधीच वाटत नाही. म्हणजे ‘दोघेही चिडले’ ही घटना समतोल असतानाही घडते आणि तोल गेलेला असतानाही घडते. जी खूण दोन्ही स्थितींत सारखीच दिसते, तिच्यावरून स्थिती कोणती हे ओळखता येत नाही. ताप मलेरियातही येतो आणि डेंग्यूतही येतो. निदानासाठी रक्त तपासावे लागते.

बातमीपत्राचे रक्त तपासण्याची पहिली पद्धत घड्याळाची: कोणत्या पक्षाला किती सेकंद मिळाले. मोजणे सोपे आहे. अवघड आहे ते हे ठरवणे की किती मिळायला हवे होते. २०२२ च्या विधानसभा निवडणुकीत भाजपला ४० पैकी २० जागा आणि सुमारे ३३ टक्के मते मिळाली, काँग्रेसला ११ जागा आणि सुमारे २३ टक्के मते. रिव्होल्युशनरी गोवन्स पक्षाला ९ टक्क्यांहून अधिक मते मिळूनही एकच जागा मिळाली, तर महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाला त्याहून कमी मतांवर दोन. वेळ जागांप्रमाणे वाटावा, मतांप्रमाणे वाटावा की सर्वांना सारखा द्यावा, यांपैकी जे माप निवडावे त्याप्रमाणे तेच बातमीपत्र वेगवेगळ्या बाजूला झुकलेले निघेल. त्यात सप्टेंबर २०२२ मध्ये काँग्रेसच्या अकरापैकी आठ आमदारांनी भाजपमध्ये प्रवेश केला. जागांचे माप लावणाऱ्याने त्या रात्रीपासून विरोधकांचे सेकंद कमी करायचे होते का? मतदार तर तेच होते.

सत्तेत असलेल्याला बातमीत अधिक जागा मिळते, कारण निर्णय तो घेतो; हे स्पष्टीकरणही अर्धेच पुरते. ब्रिटनमध्ये कार्डिफ विद्यापीठाच्या संशोधकांनी बीबीसीच्या २००७ आणि २०१२ मधील बातम्यांची तुलना केली. मजूर पक्षाचे गॉर्डन ब्राउन पंतप्रधान असताना ते विरोधी पक्षनेते डेव्हिड कॅमेरन यांच्या जवळजवळ दुप्पट वेळा बातम्यांत आले. कॅमेरन स्वतः पंतप्रधान झाल्यावर मात्र ते विरोधी पक्षनेते एड मिलिबँड यांच्या जवळजवळ चौपट वेळा आले. तोल सत्तेकडे का गेला हे सत्तेवरून कळते. दुसऱ्या वेळी तो इतका अधिक का गेला, हे त्यावरून कळत नाही. ज्याला पक्षपात शोधायचा आहे, त्याने दोन राजवटींतल्या या फरकाकडे पाहावे.

दुसरी पद्धत शब्दांची. म्हादईच्या वादात आपण ‘पाणी वळवणे’ म्हणतो. कर्नाटक त्याच कामाला पिण्याच्या पाण्याची योजना म्हणतो, आणि नदीचे नावही तिकडे ‘महादायी’ होते. बातमीपत्रात कोणता शब्द वापरला जातो, हे मोजता येते. अमेरिकेत मॅथ्यू जेंट्झको आणि जेसी शपिरो यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तिथल्या संसदेतील दोन्ही पक्षांच्या भाषणांतले खास शब्दप्रयोग वर्तमानपत्रांत किती येतात हे मोजले, आणि पत्राचा कल मालकापेक्षा वाचकांच्या कलाशी अधिक जुळतो, असे त्यांना आढळले.

शब्दांच्या पलीकडचा एकूण सूर ठरवायला मात्र माणसेच लागतात, आणि माणसे बसवली की पहिल्या प्रयोगातला फुटबॉल परत येतो. त्यासाठी दोन व्यक्तींनी एकमेकांना न विचारता वर्गवारी करावी आणि त्यांचे किती जुळते ते पाहावे. यात एक फसगत असते. समजा, १०० बातम्यांपैकी ७६ बाबतीत दोघांचे एकमत झाले. आकडा भक्कम दिसतो. परंतु दोघांनीही स्वतंत्रपणे ८० बातम्या ‘तटस्थ’ आणि २० ‘झुकलेल्या’ ठरवल्या असतील, तर डोळे मिटून खुणा केल्या तरी सरासरी ६८ जुळल्या असत्या. योगायोगाच्या पलीकडे जुळण्याला वाव होता ३२ चा, आणि प्रत्यक्ष जुळले त्यातले ८, म्हणजे एकचतुर्थांश. जेकब कोहेन यांनी १९६० मध्ये हा हिशेब ‘कप्पा’ या गुणांकाच्या रूपात मांडला. पक्षपाताचे अहवाल वाचताना हा गुणांक दिला आहे का, हे मी सर्वांत आधी पाहतो. बहुतेक राजकीय पक्षांच्या अहवालांत तो नसतो.

जे प्रसारितच झाले नाही, ते या कोणत्याही पद्धतीत सापडत नाही. त्यासाठी बाहेरची यादी लागते: विधानसभेच्या कामकाजाची, न्यायालयाच्या निकालांची, त्या दिवशीच्या चार वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानांची. त्या यादीतले काय बातमीपत्रात आले आणि काय गळले, हे राजवट बदलण्यापूर्वी आणि बदलल्यानंतर ताडून पाहता येते. एका अधिवेशनाची बातमीपत्रे उतरवून घ्यावीत, पक्षांची आणि नेत्यांची नावे झाकावीत, आणि परस्परविरोधी पक्षांच्या दोन कार्यकर्त्यांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवून वर्गवारी करायला सांगावी. नावे झाकल्यावर कप्पा वाढला, तर तेवढा पक्षपात ऐकणाऱ्याचा होता. एवढे करूनही दोघांनी त्याच बातम्यांवर ‘झुकलेली’ अशी खूण केली, तर त्या बातम्या घेऊन केंद्राकडे जायला हरकत नाही.