आधी ग्राउंड, मग बाकीचं

लग्नसराईत फोटो स्टुडिओतल्या एकुलत्या एका पीसीवर व्हिडिओ रेंडर होत असतो आणि नेमका तेव्हाच दुसऱ्या डिस्कवरचा डेटा लागतो. पीसी बंद न करता डिस्क बदलता येईल का? साटा डिस्क, म्हणजे साटा नावाच्या चपट्या कनेक्टरने जोडलेली डिस्क, असेल तर येईल. ही सोय कनेक्टरच्या घडणीतच आहे.

डिस्क उजेडात तिरपी धरून मागच्या सोनेरी पट्ट्या बघा. डेटाच्या 7 पट्ट्यांपैकी पहिली, मधली आणि शेवटची बाकीच्यांपेक्षा केसभर पुढे आलेली दिसेल. त्या तीन ग्राउंडच्या, म्हणजे शून्य व्होल्टच्या समाईक जोडणीच्या. पॉवरच्या 15 पट्ट्यांतही काही ग्राउंड अशाच पुढे असतात. म्हणून लावताना ग्राउंड आधी जुळतो, काढताना शेवटी सुटतो आणि करंट भलत्या वाटेने चिपमध्ये शिरत नाही. 4 पिनी मोलेक्सला, म्हणजे जुन्या पद्धतीच्या पॉवर कनेक्टरला, ही शिस्त नाही. मोलेक्सवरून साटा पॉवर देणारा कन्व्हर्टर असेल तर मोलेक्सचं टोक चालू पीसीत हलवू नका. जुनी, रुंद पट्टीच्या केबलची आयडीई डिस्क आणि बोर्डावरची एम-टू एसएसडी यांना तर हातच नको.

पण पीसीच्या कॅबिनेटलाच अर्थिंग नसेल तर? मराठवाड्यात उन्हाळ्यात काळी माती भेगाळते, अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो आणि मीठ-कोळसा नुसता पडून राहतो. त्यात दोन पिनी एक्स्टेंशन. अशा वेळी एसएमपीएसच्या (पीसीच्या पॉवर सप्लायच्या) फिल्टरमधल्या कपॅसिटरमुळे कॅबिनेटवर 230 च्या निम्मे, म्हणजे 115 व्होल्टच्या आसपास येतात. हाताला झिणझिण्या येतात त्या याच. करंट अगदी थोडा असतो, पण अनवाणी उभं राहून हातातली डिस्क जोडताना तो डिस्कमधून वाट काढतो. तीन पिनी सॉकेट वापरा, खड्ड्यात बादलीभर पाणी ओता, झिणझिण्या थांबल्या का बघा, मगच डिस्कला हात लावा.

बायोसमध्ये, म्हणजे पीसी सुरू होताना उघडता येणाऱ्या सेटिंगमध्ये, साटा मोड एएचसीआय हवा आणि त्या पोर्टचं हॉट प्लग (चालू पीसीत डिस्क जोडण्या-काढण्याची सोय) चालू हवं. विंडोजमध्ये डिस्क मॅनेजमेंट उघडून डिस्कच्या नावावर राइट क्लिक, ऑफलाइन. लिनक्समध्ये अनमाउंट, मग पॉवर ऑफ. ही पायरी गाळायची नाही: पडद्यावर ‘कॉपी झाली’ दिसलं तरी डेटाचा काही भाग रॅममध्ये किंवा डिस्कच्या कॅशेमध्ये रेंगाळत असतो. तेवढ्यात केबल ओढली की फाइलची नोंद अर्धवट राहते. विंडोज ज्या डिस्कवर आहे ती काढायचा प्रश्नच येत नाही.

आता आधी डेटा केबल काढा, मग पॉवर. वीज तुटली की फिरत्या मोटरमध्ये तयार होणाऱ्या विजेवरच डिस्क आपली हेड बाजूला नेते. 7200 आरपीएमच्या तबकड्या मात्र लगेच थांबत नाहीत. अर्धा मिनिट डिस्क जागची हलवू नका.

जोडताना उलट: आधी पॉवर, कारण त्याच्यासोबत ग्राउंड येतो. दहा सेकंदांनी डेटा. साडेतीन इंची डिस्क सुरू होताना 12 व्होल्टवर 2 अँपिअरच्या आसपास ओढते. एसएमपीएस लेचापेचा असेल तर शेजारची डिस्क गायब होते किंवा पीसीच रीस्टार्ट होतो. म्हणून तिला स्प्लिटरवर न टांगता एसएमपीएसची वेगळी वायर द्या.

डिस्क दिसली नाही तर ‘रीस्कॅन डिस्क्स’ करा. ऑफलाइन दिसली तर ऑनलाइन करा. आणि भरलेल्या डिस्कसाठी ‘इनिशियलाइझ’ विचारलं, तर कॅन्सल.