नैसर्गिक गर्भधारणेची शक्यता

नैसर्गिक गर्भधारणेची शक्यता : कोणत्याही उपचारांविना, केवळ शरीरसंबंधांतून दिवस राहण्याची जोडप्याची शक्यता. ती पाळीच्या एका चक्रामागे मोजतात. स्त्री तिशीच्या आतली, दोघेही निरोगी आणि संबंध नियमित असले, तरी एका चक्रात ही शक्यता २० ते २५ टक्क्यांच्या आसपासच असते. म्हणजे सगळे ठीक असूनही बहुतेक महिने रिकामेच जातात. हा एक आकडा माहीत नसल्यामुळे दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यातच ‘काहीतरी बिघडले आहे’ अशी शंका घेणारी जोडपी पुष्कळ.

अशा १०० जोडप्यांपैकी ८० ते ८५ जणांना वर्षभरात दिवस राहतात आणि दुसऱ्या वर्षाअखेर हा आकडा ९० च्या पुढे जातो. येथे गणिताची एक गंमत आहे. दरमहा २५ टक्के हा दर सर्वांना सारखाच लागू असता, तर वर्षभरात जवळजवळ ९७ जोडप्यांना यश आले असते. तसे होत नाही, कारण शंभर जोडप्यांची क्षमता सारखी नसते. ज्यांची जास्त, ती पहिल्या तीन-चार महिन्यांतच या गणनेतून बाहेर पडतात. मागे उरलेल्यांत कमी क्षमतेची जोडपी अधिक. त्यामुळे महिन्यांगणिक शक्यता उतरत गेलेली दिसते. कोणा एका जोडप्याची क्षमता तेवढ्या अवधीत घसरलेली नसते, गट बदललेला असतो. उलट, सहा महिने वाट पाहून झालेली आहे ही गोष्टच त्या जोडप्याबद्दल काही सांगत असते. वर्षभर नियमित संबंध ठेवूनही दिवस न राहिल्यास वंध्यत्व म्हणावे, ही जागतिक आरोग्य संघटनेची व्याख्या याच हिशेबावर उभी आहे.

मराठीत ‘दिवस राहणे’ म्हणतात. पण दिवस राहण्याचे दिवस मोजले, तर एका चक्रात ते सहाच भरतात. स्त्रीबीज अंडाशयातून सुटल्यावर जेमतेम १२ ते २४ तास टिकते. शुक्राणू मात्र गर्भाशयमुखाच्या अनुकूल स्रावात पाच दिवसांपर्यंत तग धरतात. साहजिकच अंडमोचनाचा, म्हणजे बीज सुटण्याचा, दिवस आणि त्याआधीचे पाच दिवस एवढाच काळ कामाचा. अमेरिकेत २२१ स्त्रियांच्या रोजच्या लघवीचे नमुने तपासून केलेला एक अभ्यास १९९५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात अंडमोचनाच्या पाच दिवस आधी आलेल्या संबंधातून दिवस राहण्याची शक्यता सुमारे १० टक्के, तर अंडमोचनाच्या दिवशी सुमारे ३३ टक्के आढळली. दुसऱ्या दिवशीपासून ती जवळजवळ शून्यावर आली.

अडचण अशी, की अंडमोचनाचा दिवस आधी कळत नाही. चौदावा दिवस हा सर्वत्र सांगितला जाणारा आकडा फक्त २८ दिवसांच्या चक्राला लागू पडतो. जपानचे क्यूसाकू ओगिनो आणि ऑस्ट्रियाचे हेर्मान क्नाउस या स्त्रीरोगतज्ज्ञांनी १९२० च्या दशकात स्वतंत्रपणे दाखवून दिले, की अंडमोचनाचा दिवस पुढच्या पाळीपासून मागे, साधारण चौदा दिवस, मोजायचा असतो. समजा, एखाद्या स्त्रीची पाळी ३२ दिवसांनी येते. तिचे अंडमोचन साधारण अठराव्या दिवशी होणार आणि अनुकूल काळ तेराव्या ते अठराव्या दिवसांचा. तिने चौदावा दिवस धरून अकराव्या ते चौदाव्या दिवसांत प्रयत्न केले आणि मग थांबली, तर सर्वांत चांगले दिवस हातचे गेले. पाळी मागेपुढे होत असेल, तर हा हिशेबही ढासळतो. त्यापेक्षा शरीराची खूण भरवशाची. अंडमोचन जवळ आले की गर्भाशयमुखाचा स्राव अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा पारदर्शक आणि निसरडा होतो. दोन बोटांत धरून ताणला तर न तुटता तार निघते. ते दिसले की दिवस आलेच. सकाळचे तापमान अंडमोचनानंतर थोडेसे चढते, पण ती वाढ दिसेपर्यंत वेळ टळलेली असते. अंडमोचनाला चालना देणारे एलएच हे संप्रेरक लघवीत ओळखणाऱ्या पट्ट्या साधारण एक-दीड दिवस आधी सूचना देतात.

ही तारीखवार पाळत ठेवणे बहुतेकांना गरजेचे नसते, आणि त्यापायी संबंधांचे वेळापत्रक होऊन बसते हे वेगळेच. दर दोन-तीन दिवसांनी संबंध येत असतील, तर अनुकूल काळ आपोआप गाठला जातो. वीर्य ‘साठवण्यासाठी’ आठवडाभर थांबण्यात मात्र तोटाच आहे. आसन कोणते आणि नंतर किती वेळ पडून राहायचे, यांनी फरक पडल्याचा पुरावा नाही. काही वंगणद्रव्ये शुक्राणूंची हालचाल मंदावतात, एवढे लक्षात ठेवावे.

सर्वांत मोठा घटक स्त्रीचे वय. मुलगी जन्मते तेव्हा तिच्या अंडाशयांत दहा ते वीस लाख बीजे असतात, वयात येईपर्यंत तीन-चार लाख उरतात आणि आयुष्यभरात त्यांतली चारशे-पाचशेच सुटतात. बाकीची आपोआप नाश पावतात. नवी तयार होत नाहीत. संख्येपेक्षाही महत्त्वाची बाब अशी, की वयाबरोबर बीजांतील गुणसूत्रांचे वाटप चुकण्याचे प्रमाण वाढते. त्यामुळे गर्भ राहत नाही किंवा राहिला तर पडतो. उतार तिशीच्या पहिल्या काही वर्षांत सुरू होतो आणि ३७ नंतर तीव्र होतो. उत्तर अमेरिकेतील हटराइट हा ख्रिस्ती पंथ संततिनियमन मानत नसे. विसाव्या शतकाच्या मध्यास त्यांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा एका स्त्रीला सरासरी दहाहून अधिक मुले आढळली, तरी शेवटच्या बाळंतपणाचे सरासरी वय ४१ च्या जवळपासच होते. पाळी सुरू असणे आणि दिवस राहू शकणे या दोन गोष्टी एक नाहीत. पाळी थांबण्याच्या कितीतरी वर्षे आधी दुसरी संपते.

पुरुषात शुक्राणू आयुष्यभर तयार होत असले, तरी चाळिशीनंतर त्यांचाही दर्जा हळूहळू खालावतो. मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी सुमारे निम्म्यांत पुरुषाकडील कारण एकट्याने किंवा जोडीने असते, तरीही तपासण्या बाईपासून सुरू करण्याची खोड जात नाही. वीर्यतपासणी ही यांतली सर्वांत सोपी आणि स्वस्त तपासणी, पण ती सहसा शेवटी होते. लैंगिक क्षमता आणि प्रजननक्षमता यांची गल्लत हे त्याचे एक कारण असावे. संबंधांत कसलीही अडचण नसलेल्या पुरुषाच्या वीर्यात एकही शुक्राणू नसू शकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शिकेत खालची मर्यादा दर मिलिलिटरला १.६ कोटी शुक्राणू आणि एकूण ४२ टक्के चलनशीलता (हालचाल करणाऱ्या शुक्राणूंचे प्रमाण) अशी दिली आहे. तिच्या खाली म्हणजे अशक्य आणि वर म्हणजे हमखास, असा मात्र तिचा अर्थ नाही. वृषण शरीरापेक्षा दोन ते चार अंशांनी थंड राहावे लागतात. त्यामुळे तीव्र ताप, भट्टीजवळचे काम, वारंवार गरम पाण्यात बसणे यांनी संख्या घटते. वृषणाच्या शिरा फुगणे हा दोषही वारंवार आढळतो. व्यायामशाळेत शरीर कमावण्यासाठी घेतली जाणारी टेस्टोस्टेरॉनसारखी संप्रेरके तर शुक्राणूंची निर्मितीच बंद पाडू शकतात. अंगावर पीळ दिसतो आणि वीर्य रिकामे असते. शुक्राणू तयार होण्यास अडीच महिने लागतात, म्हणून आज सोडलेल्या सवयीचा परिणाम आजच्या तपासणीत दिसत नाही.

स्त्रीच्या बाजूने अंडमोचन अनियमित होणे हे नेहमीचे कारण. पीसीओएस (अंडाशयांशी निगडित संप्रेरकांचा असमतोल), थायरॉइडचे विकार, प्रोलॅक्टिन हे दूध तयार करवणारे संप्रेरक वाढणे ही त्यामागची परिचित नावे. वजन फार जास्त वा फार कमी असले तरी अंडमोचन बिघडते आणि स्थूल स्त्रीचे थोडे वजन उतरले तरी ते पुन्हा सुरू झालेले दिसते. गर्भनलिका बंद असणे हा याहून कठीण प्रकार. क्लॅमिडियासारखा, शरीरसंबंधांतून होणारा जिवाणूंचा संसर्ग कसलाही त्रास न देता नलिका खराब करून जातो. जननमार्गाचा क्षयही तेच करतो. एंडोमेट्रिओसिस, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखे ऊतक गर्भाशयाबाहेर वाढणे, हेही एक कारण; त्यात असह्य वेदना असतीलच असे नाही.

धूम्रपान दोघांनाही बाधते आणि स्त्रीची पाळी नेहमीपेक्षा लवकर थांबवते. दिवसाला एक-दोन कप कॉफीने बिघडत नाही. ‘ताण घेऊ नका’ हा सल्ला मात्र देणाऱ्याला सोपा असतो. ताणामुळे दिवस राहत नाहीत याबाबतचे पुरावे एकसारखे नाहीत, दिवस न राहिल्यामुळे ताण येतो हे निश्चित.

सर्व तपासण्या होऊनही काही जोडप्यांत कारण सापडत नाही. त्यांतल्या काहींना पुढे उपचारांविना दिवस राहतातही, पण किती थांबायचे हे वयावर ठरते. स्त्री ३५ च्या आतली असेल तर वर्षभर, ३५ नंतर सहा महिने प्रयत्न करून डॉक्टरांकडे जावे, चाळिशीनंतर लगेच. पाळी दोन-दोन महिने लांबत असेल, ओटीपोटाचा संसर्ग होऊन गेला असेल किंवा पुरुषाच्या वृषणांवर पूर्वी शस्त्रक्रिया झालेली असेल, तर वय कोणतेही असो, थांबायचे कारण नाही.