रात्रीचं जेवण आणि सकाळचा वजनकाटा

आदल्या रात्री बाहेर मनसोक्त जेवायचं आणि सकाळी उठल्या उठल्या वजनकाट्यावर उभं राहायचं, हा उद्योग मी बरीच वर्षं केला. काटा दीड किलो वर गेलेला असायचा. मग दिवसभर उपास, संध्याकाळी चिडचिड आणि रात्री पुन्हा फ्रिजसमोर. जरा हिशेब मांडला असता तर घाबरायचं कारण नव्हतं. एक किलो चरबी साठायला साधारण ७,७०० कॅलरी जादा पोटात जाव्या लागतात. म्हणजे दीड किलोला साडेअकरा हजार! एका बैठकीत एवढं हाणणारा माणूस माझ्या तरी पाहण्यात नाही.

काटा खोटं बोलत नाही. चरबी कुठली आणि पाणी कुठलं, एवढंच त्याला कळत नाही. बाहेरच्या जेवणात मीठ सढळ असतं आणि रक्तातलं त्याचं प्रमाण राखायला शरीर पाणी धरून ठेवतं. पिष्टमय पदार्थांतली साखर यकृतात आणि स्नायूंत ग्लायकोजेन म्हणून साठते, तेव्हा दर ग्रॅममागे सुमारे तीन ग्रॅम पाणीही अडकून बसतं. शिवाय रात्रीचं जेवण अजून आतड्यातच असतं. नेहमीसारखं खाल्लं-प्यायलं की यातलं बहुतेक दोन-तीन दिवसांत उतरतं.

खरी गंमत घडते ती टेबलावर. ‘आता घासभरसुद्धा जाणार नाही’ म्हणत आपण मागे रेलतो, आणि कोणी आइस्क्रीमचं नाव काढलं की पोटात जागा होते. हा हावरटपणा नव्हे. आहारसंशोधक बार्बरा रोल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला हे प्रयोगांतून दाखवलं: जो पदार्थ आपण खात असतो त्याची गोडी घटत जाते, पण न चाखलेल्या पदार्थाची फारशी घटत नाही. म्हणजे कंटाळा येतो तो त्या पदार्थाचा, जेवणाचा नव्हे. बुफेचा सगळा डोलारा यावरच उभा आहे. पाच डिश मागवून वाटून घेतल्या की थोडं थोडं खाल्ल्यासारखं वाटतं, पण प्रत्येक नव्या चवीबरोबर भूक नव्याने जागी होते. मी आता एकच आवडती डिश मागवतो आणि ती अगदी शेवटपर्यंत चवीने खातो. चारचौघांत मात्र हा निश्चय डळमळतो. मानसशास्त्रज्ञ जॉन डी कॅस्ट्रो यांनी लोकांच्या आहाराच्या नोंदी तपासल्या, तर सोबतीने केलेलं जेवण एकट्याच्या जेवणापेक्षा सुमारे ४४ टक्के मोठं निघालं. यावर उपाय मला माहीत नाही. एकट्याने जेवणं हा तर मुळीच नाही.

खाण्याचा क्रम बदलणं मात्र फुकटात जमतं. न्यूयॉर्कच्या वाइल कॉर्नेल या वैद्यकीय महाविद्यालयातल्या संशोधकांनी २०१५मध्ये टाइप-२ मधुमेह असलेल्या ११ जणांना तेच जेवण दोन क्रमांनी दिलं. भाज्या आणि प्रथिनं आधी, ब्रेड आणि रस नंतर असा क्रम ठेवला, तेव्हा तासाभराने रक्तातली साखर सुमारे ३७ टक्के कमी भरली. माणसं अकराच, त्यामुळे फार उड्या मारू नयेत. पण सॅलड आधी संपवायला काय जातं?

मला सर्वांत जास्त चक्रावून टाकलं ते अमेरिकेतल्या मेयो क्लिनिक या रुग्णालयातले संशोधक जेम्स लेव्हिन यांच्या १९९९च्या प्रयोगाने. १६ जणांना आठ आठवडे रोज १,००० कॅलरी जादा खायला घातल्या. एकाची चरबी जेमतेम ३६० ग्रॅम वाढली, दुसऱ्याची सव्वाचार किलो. फरक व्यायामाचा नव्हता. ज्यांची चरबी कमी वाढली त्यांची उठबस, चालणं-फिरणं, नुसती चुळबूळसुद्धा नकळत वाढली होती. ही देणगी सगळ्यांना सारखी मिळालेली नाही, आणि ठरवून चुळबूळ तरी किती करणार?

चालणं मात्र ठरवून करता येतं. आकुंचन पावणारे स्नायू रक्तातली साखर इन्सुलिनची वाट न पाहता उचलतात, म्हणून जेवणानंतरची पंधरा-वीस मिनिटं कामाची. शंभर पावलं मोजून थांबायचं तर शतपावली फारच आखूड पडते. आम्ही मित्रमंडळी हल्ली गाडी मुद्दाम लांब लावतो. परवा परतताना त्या वाटेवर नवंच आइस्क्रीमचं दुकान दिसलं आणि पोट भरलेले चौघंही एकदम थांबलो.