दीर्घिकासमूहांचे भिंग

जुलै २०२२मध्ये जेम्स वेब दुर्बिणीचे पहिले रंगीत छायाचित्र आले आणि तिच्या साडेसहा मीटरच्या आरशाचे कौतुक झाले. ते रास्तच होते. पण त्या चित्रात धनुष्यासारखे वाकलेले पट्टे दिसतात, ते आरशाचे काम नव्हे. त्या मागच्या, फार दूरच्या दीर्घिका, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखे ताऱ्यांचे प्रचंड समूह, आहेत. त्यांना ताणून मोठे केले आहे ते मध्ये असलेल्या एसएमएसीएस ०७२३ या दीर्घिकासमूहाने.

वस्तुमानाजवळून जाणारा प्रकाश वळतो, हे १९१९च्या सूर्यग्रहणात पडताळले गेले. दीर्घिका भिंगासारख्या वागतील, असे खगोलशास्त्रज्ञ फ्रिट्झ झ्विकी यांनी १९३७ साली मांडले. समूहाचे वस्तुमान सूर्याच्या शेकडो लाख कोटी पट असू शकते आणि त्यातले बहुतेक कृष्णद्रव्य, म्हणजे न दिसणारे पण गुरुत्वाने जाणवणारे द्रव्य, असते. एवढ्या वस्तुमानानेही प्रतिमा सरकते ती साधारण एका अंशाच्या शंभराव्या भागाने. ग्रहांच्या ओढीने माणसाचे नशीब वळते, असे सांगणाऱ्यांना हा आकडा जरूर दाखवावा.

मला सर्वांत विलक्षण वाटते ते हे, की गुरुत्व नवा प्रकाश निर्माण करत नाही, तरी दीर्घिका उजळते. प्रतिमेच्या प्रत्येक चौरस तुकड्याचे तेज होते तेवढेच राहते. वाढते ते फक्त क्षेत्रफळ. क्षेत्रफळ दहापट झाले, की दुर्बिणीत दहापट प्रकाश पडतो, कारण एरवी दुसरीकडे गेले असते ते किरणही वळून आपल्याकडे येतात. आकाशाची पार्श्वभूमी मात्र तेवढीच राहते. त्यामुळे ताणूनही ठिपक्याएवढाच दिसणारा अंधूक स्रोत दहापट उजळला, तर निरीक्षणाला जवळपास शंभरपट कमी वेळ लागतो, कारण हा वेळ तेजाच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो! काचेच्या भिंगात कडेचे किरण जास्त वळतात आणि सारे एका बिंदूत जमतात. इथे केंद्रापासून दूर जावे तसे वळण कमी होते. म्हणून किरण जमण्याचा असा एक बिंदू, म्हणजे नाभी, नसते, कमानी बनतात आणि एकाच दीर्घिकेच्या अनेक प्रतिमा उमटतात.

ताणलेल्या दीर्घिकेचा मूळ आकार परत काढायचा, तर समूहात वस्तुमान कुठे किती आहे याचा नकाशा लागतो. तो बरोबर आहे का, हे तपासायची संधी एका अतिनवताऱ्याने, म्हणजे स्फोट होऊन उजळलेल्या ताऱ्याने, दिली. २०१४मध्ये एमएसीएस जे११४९ या समूहात, एका दीर्घिकेभोवती त्याच्या चार प्रतिमा दिसल्या. वेगवेगळ्या वाटांनी येणाऱ्या प्रकाशाला वेगवेगळा वेळ लागतो, म्हणून आणखी एक प्रतिमा उशिरा येईल, असे गणिताने आधीच सांगितले होते. ११ डिसेंबर २०१५ रोजी हबल दुर्बिणीने ती टिपली.