वर्षानुवर्षं एकाच शहराचे फोटो काढणं (नाशिक)

एकाच शहरातले रस्ते, चौक, बाजार आणि तिथली माणसं वीस-तीस-चाळीस वर्षं कॅमेऱ्यात टिपत राहणं. स्ट्रीट फोटोग्राफीचाच हा प्रकार, पण इथे एक भारी फोटो मिळाला की काम संपत नाही, त्याच जागी परत परत जावं लागतं. पॅरिसच्या यूजीन अॅटजेने हेच केलं, लाकडी कॅमेरा आणि फिल्मऐवजी काचेच्या प्लेटा घेऊन तो १९२७ साली वारेपर्यंत जुनं पॅरिस टिपत फिरला, आणि त्याच्या मागे बेरेनिस अॅबट या अमेरिकन फोटोग्राफर बाईंनी संग्रह वाचवला म्हणून आज तो बघायला मिळतो.

नाशिक या कामासाठी फार चांगलं शहर आहे, कारण इथे काही गोष्टी ठरलेल्या वेळी परत येतातच. गोदावरीचा पूर बघा (नाशिककर तिला गंगाच म्हणतात, घाटावर जायचं तर 'गंगेवर जाऊन येतो'). पाणी किती चढलं ते लोक नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या उंच मूर्तीवरून सांगतात, कमरेला लागलं, छातीला लागलं, गळ्याशी आलं. म्हणजे तिथे मोजपट्टी आधीच उभी आहे, आपण फक्त दर पावसाळ्यात त्याच पायरीवरून फ्रेम घ्यायची. २००८, २०१६ आणि २०१९ च्या पुरांचे फोटो शेजारी ठेवले की पाण्याबरोबर मागचे बोर्ड, टपऱ्या, पुलावरची गर्दी हे सगळं बदललेलं दिसतं. २०१९ च्या गर्दीत तर जवळपास प्रत्येकाचा हात वर आहे, मोबाईल धरलेला.

दुसरी गोष्ट रहाड. जुन्या नाशकात पेशवाईतले दगडी हौद आहेत, ते वर्षभर जमिनीखाली बुजलेले असतात आणि वरून गाड्या जातात, रंगपंचमीला उघडतात, रंगाचं पाणी भरतात आणि पोरं त्यात धप्पा मारतात. तिवंधा चौकाचा साध्या मंगळवारचा फोटो आणि रंगपंचमीचा फोटो एकाच जागेवरून घेतलेला असेल तर बाहेरच्या माणसाला पटत नाही की हा तोच रस्ता आहे. सिंहस्थ कुंभमेळा मात्र बारा वर्षांनी येतो, २००३, २०१५ आणि आता २०२७, त्यामुळे एका आयुष्यात हातात येऊन येऊन किती येणार! आणि माझ्या मते शाहीस्नानापेक्षा त्याच्या आधीची दोन वर्षं महत्त्वाची, घाट फोडतात, रस्ते रुंद होतात, वाडे जातात, आणि ते गेल्यावर फोटो काढता येत नाहीत.

नवीन माणूस चेहऱ्यांच्या मागे लागतो. चेहरे हवेतच, पण तीस वर्षांनी लोक भांडीबाजारातल्या फोटोत काय बघतात तर तांब्याच्या घागरी किती आणि स्टीलचे डबे किती, पायात काय आहे, सायकली कुठे लावल्यात, बुधवारच्या बाजारात भाव पाटीवर किती लिहिलाय. म्हणून थोडं मागे सरकून, ३५ एमएमच्या (जरा रुंद दृश्य घेणाऱ्या) लेन्सने, दुकानाचा बोर्ड येईल असा एक तरी फोटो घ्यावा.

रामकुंडावर जपून. तिथे रोज कुणी ना कुणी अस्थी घेऊन आलेलं असतं, दशक्रिया चालू असते, मुंडण केलेला मुलगा पाण्यात उभा असतो. रस्ता सगळ्यांचा असला तरी दुःख त्यांचं आहे, नजरेने विचारावं, मान हलली नाही तर कॅमेरा खाली. स्नान करणाऱ्या बायकांचे फोटो तर नाहीच. नाशिकरोडच्या नोटांच्या प्रेसबाहेर आणि देवळालीच्या लष्करी भागात कॅमेरा पिशवीतच ठेवावा.

फिल्मच्या काळात रोलमध्ये छत्तीसच फोटो, धुण्याचा खर्च वेगळा, त्यामुळे माणूस थांबून बघायचा. आता हजार निघतात आणि फोन बदलला की जातात. फिल्मलाही शत्रू आहेतच, नाशिकच्या पावसाळी दमटपणाने निगेटिव्हवर बुरशीची जाळी येते, आणि जुन्या अॅसिटेट (एक प्रकारचं प्लास्टिक) फिल्मला व्हिनेगरसारखा आंबट वास यायला लागला की ती आतून खराब होतेय, ती लगेच बाकीच्यांपासून वेगळी करून स्कॅन करून घ्यावी. सिलिका जेलच्या पुड्या, हवाबंद डबा आणि प्रत्येक पाकिटावर पेन्सिलने तारीख, चौकाचं नाव, तोंड कुठल्या दिशेला होतं ते. 'दहीपूल, सकाळी, सराफ बाजाराकडे तोंड करून' एवढं लिहिलेलं असलं तरी पुढचा माणूस बरोबर त्याच जागी जाऊन उभा राहू शकतो.