मुद्दाम पाडलेल्या खड्ड्याभोवतीचा ताण

पोलादी पाइपलाइन गंजली की खड्डे पडतात, आणि प्रत्येक खड्ड्याच्या काठाशी ताण एकवटतो. तो मोजायचा तर खरा गंज गैरसोयीचा, कारण त्याला धड आकार नसतो. म्हणून प्रयोगशाळेत चांगल्या पाइपवर मशिनने ठरावीक व्यासाचा आणि खोलीचा खड्डा पाडतात.

यामागचं गणित जुनं आहे. ताणलेल्या पत्र्यातल्या गोल, आरपार भोकाच्या काठावर ताण तिप्पट होतो, हे जर्मन अभियंते कीर्श यांनी १८९८ मध्ये दाखवलं. दाबाखालच्या बंद पाइपमध्ये घेराच्या दिशेचा ताण लांबीच्या दिशेच्या ताणाच्या दुप्पट असतो. दोन्ही जमेस धरले, तर भोकाच्या काठावर पाइपच्या लांबीच्या रेषेतल्या बिंदूंवर घेरातल्या ताणाच्या अडीचपट ताण येतो, आणि तिथून काटकोनात सरकलं की घेरातल्या ताणाच्या जेमतेम निम्मा. चिमूटभर अंतरात पाचपट फरक!

हा फरक पकडायचा कशाने? १९३८ मध्ये अमेरिकेत सिमन्स आणि रूज यांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, चिकटवायचा स्ट्रेन गेज, म्हणजे पृष्ठभाग किती ताणला गेला हे मोजणारी पट्टी, तयार केला. पण गेज आपल्या लांबीभरची सरासरी सांगतो, तीही फक्त पृष्ठभागाची. शिवाय तो चिकटवण्याआधी पोलादात मुरलेला ताण त्याला दिसतच नाही.

नंतर अमेरिकेतल्या बॅटेल संस्थेत खाचा पाडलेल्या अख्ख्या पाइप फोडून पाहिल्या गेल्या. गंजलेली पाइप किती दाब सोसेल हे ठरवणाऱ्या १९८४ च्या बी३१जी या अमेरिकी नियमावलीची पाळंमुळं त्याच कामात आहेत. मात्र तिथला प्रश्न होता पाइप किती दाबाला फुटते हा. काठावरच्या ताणाचा नकाशा कुणालाच हवा नव्हता.

तो हवासा झाला चुंबकीय तपासणीमुळे. पाइपमधून फिरणारं यंत्र पोलाद चुंबकित करतं आणि खड्ड्यापाशी बाहेर सांडणारं चुंबकीय क्षेत्र टिपतं. पण ताणाने पोलादाचे चुंबकीय गुण बदलतात (हे इटालियन शास्त्रज्ञ व्हिलारी यांनी १८६५ मध्ये दाखवलं), त्यामुळे तोच खड्डा दाब बदलला की वेगळा संकेत देतो. मग न्यूट्रॉन विवर्तन कामी आलं. स्फटिकातल्या अणूंच्या थरांमधलं अंतर मोजून ताण काढायचा. अशा मोजणीतले नेहमीचे क्ष-किरण पोलादात काही मायक्रॉनांवर अडतात, न्यूट्रॉन काही सेंटिमीटर आत जातात. अट एवढीच, की जवळ अणुभट्टी किंवा तसाच मोठा स्रोत हवा.

तरी एक गोची राहतेच. मशिनचं हत्यार कापताना स्वतःचा ताण मागे सोडतं, म्हणून काही ठिकाणी विद्युत-रासायनिक पद्धतीने धातू विरघळवून खड्डा करतात. दुसरी गोष्ट दाबाची. अमेरिकेत विरळ वस्तीतल्या गॅसवाहिनीला नमनमर्यादेच्या (ज्या ताणापुढे पोलाद कायमचं वाकतं-ताणतं, त्याच्या) ७२ टक्के ताण चालतो. त्याच्या अडीचपट म्हणजे मर्यादेच्या १.८ पट. अर्धवट खोल खड्ड्यात गुणक कमी भरतो, पण काठ नमू शकतो. मग दाब उतरवला की भोवतालचं पोलाद त्या नमलेल्या भागाला आवळतं आणि तिथे उलटा, दाबणारा ताण उरतो. त्यामुळे खड्डा रिकाम्या पाइपवर पाडला की दाबाखालच्या, आणि मोजणीआधी दाब कितीपर्यंत चढवला होता, हे माहीत नसेल तर दोन प्रयोगशाळांचे आकडे शेजारी मांडण्यात फारसा अर्थ नाही. खरा गंज तर कायम चालू पाइपवरच वाढतो.